घरचा होकार

माझ्या बायकोनं, शांतानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन चहा पिणं. एप्रिलातला रविवार होता. भीमजयंती होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पाच वाजले तरी वणीचं ऊन उतरायला तयार नव्हतं. आम्ही गजाननच्या घरी गेलो. मी पुढच्या खोलीत कूलरसमोर बसलो, शांता सरळ आत सैपाकखोलीत गेली, गजाननच्या बायकोकडे. मी बशीत चहा ओतून प्यालो. गजानननं काहीतरी गंमत सांगितली, मी मोठ्यानं हसलो. शांता आत बसली ती बसलीच. एरवी तिला पंधरा-वीस मिनिटं पुरत. त्या दिवशी पाऊण तास झाला. बाहेर आली तेव्हा चेहरा घामानं निथळत होता. मला वाटलं, सैपाकखोलीत कूलरची हवा जात नसेल.

गाडीवर मागे बसल्यावर मी विचारलं, "काय मंग? चालते का नाही चालत?"

ती म्हणाली, "घरी चाला. सांगतो."

हे चहा पिणं काय होतं ते आधी सांगावं लागेल. नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल, म्हातारा-म्हातारी पाहुणचार झोडत फिरत होते.

मी कमानीवाला मिस्त्री. ट्रकच्या चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, एकावर एक रचलेली, धनुष्यासारखी वाकलेली. तिला कमानी म्हणतात. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर. आमच्या वणी-राजूरच्या पट्ट्यात कोळशाच्या गाड्या चालतात, आणि कोळशाची गाडी कधी मापात भरलेली मी पाहिली नाही. मग पट्टा तुटतो. आम्ही गाडी जॅकवर उचलतो, कमानी खोलतो, तुटलेला पट्टा काढतो. जो बसून सपाट झाला असेल त्याला भट्टीत लाल करून घणानं पुन्हा वाक देतो. पन्नास वर्षं हेच केलं. त्यात एक कान गेला. चौथी शिकलो आहे. हे लिखाण संपादकसाहेबांनी बरंच नीट केलं, पण मी सांगितलं, माणसं जशी बोलली तशी राहू द्या. नावं मी बदलली आहेत. ज्यांच्या घरातलं लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवलं. बाकी ओळखणारे ओळखतील, त्यांनी तोंड बंद ठेवावं.

चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची साठेक गॅरेजं आहेत. कमानीवाले, टायरवाले, इंजिनवाले, रेडिएटरवाले, वायरिंगवाले, वेल्डिंगवाले आणि स्पेअर पार्टवाले. सगळ्यांची मिळून एक संघटना, आणि दर धंद्याचा एक असे सात संचालक. संचालक म्हटलं की लोकांना खुर्ची आणि हारतुरे दिसतात. आमच्या संचालकाला चहासुद्धा घरचाच प्यावा लागतो. काम मात्र भरपूर. रस्त्यात उभी गाडी पोलिसांनी नेली, जा सोडवायला. मिस्त्रीच्या पायावर गाडी उतरली, ने त्याला दवाखान्यात आणि बस तिथं. ट्रकमालक अंगावर धावून आला, पड मधे. साहेबाला निवेदन द्यायचं, घाल यवतमाळला दिवस. आणि तेवढा वेळ आपलं गॅरेज बंद.

कायद्यानं निवडणूक घ्यायची असते. आम्ही एकदाच घेतली. तिच्यानंतर शेजारशेजारची दोन गॅरेजं एकमेकांना मोठा जॅक देईनात. एक भरलेला ट्रक तीन दिवस विटांवर उभा होता. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं, निवडणूक नको. ज्यांना स्वतःला उभं राहायचं नाही अशा दोघांची निवड समिती करायची. त्यांनी फिरून माणसं पारखायची, तीन वर्षांसाठी सात नावांची यादी करायची, आणि वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी ती ऑफिसच्या दाराला चिकटवायची. कोणाला हरकत असेल त्यानं सभेत उभं राहावं. समितीत मी आणि टायर रिमोल्डवाले शफीभाई. अठरा वर्षं झाली, आम्ही दोघंच.

आमच्या यादीत एक रकाना आहे, जो दुसऱ्या कोणत्या संघटनेत नसेल. नावापुढं लिहिलेलं असतं, घरचा होकार. तो भरला नसेल तर नाव बाद.

त्याचं कारण बाबाराव वेल्डर. भला माणूस. संचालक झाला आणि घर विसरला. एका वार्षिक सभेत त्याची बायको आली. आम्हाला वाटलं डबा आणला. तिनं टेबलावर एक थैली ठेवली आणि म्हणाली, "अध्यक्षसाहेब, हा माणूस दोन सालापासून तुमचाच झाला. याचे कपडे आनले मी. आता याले तुमच्याच घरी ठेवा. अन् तुमच्या बायकोले सांगजा, हा चाहात साखर कमी घेते."

सगळे पोट धरून हसले. बाबारावही हसला. ती गेली, मग कोणीतरी थैली उघडली. आत खरंच कपडे होते, घड्या घातलेले. मग कोणी हसलं नाही. त्याच सभेत शफीभाईनं नियम घालून घेतला, की माणूस घ्यायच्या आधी त्याच्या घरच्या बाईला विचारायचं.

पहिल्या वर्षी शफीभाई आणि मी दोघंच गेलो. बाई पडद्यामागं उभी. नवरा विचारायचा, "हो ना वो?" आतून आवाज यायचा, "हो." सात घरं, सात होकार. मी घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. शांता भाकरी थापत होती. म्हणाली, "नवऱ्यादेखत बाई नाही कशी म्हनन? तुमी बाईचा होकार घ्याले गेलते का नंदीबैलाचा?"

तेव्हापासून ती माझ्यासोबत यायला लागली. मी आणि शफीभाई बाहेर बसायचो, ती आत. ती होकार बिकार काही विचारत नसे. भाजी चिरू लागायची आणि बोलायची. जेवायला केव्हा येते हा? माहेरी कोण नेऊन घालते तुले? तुहं डोकं दुखलं तर लेकराईचं कोण पाह्यते? मग बाहेर येऊन गाडीवर बसली की एकच शब्द सांगायची, चालते किंवा नाही चालत. काहून, म्हणून विचारलं तर म्हणायची, "बाईनं मले सांगतलं. तुमाले सांगाचं असतं तर तिनं बाहीर येऊन सांगतलं असतं."

गमतीही झाल्या. एका स्पेअर पार्टवाल्याच्या बायकोनं शांताचे हात धरले. "न्या वो काकू. तीन साल कायले, सहा साल न्या. दुपारी घरी येते अन् माह्या सिरियलमंधी बोलते." शांता तोंडात पदर कोंबूनच बाहेर आली. "चालते," म्हणे, "लय चालते." एकदा वायरिंगवाला पोरगा एकटाच राहणारा निघाला, ना बायको ना आई. नियम तर नियम. तो जिथं जेवायचा त्या मेसवाल्या बाईकडे शांता गेली. बाईनं सांगितलं, वेळेवर येते, पण घास तोंडात घालून फोनवर बोलते. त्याचाही रकाना भरला. असे तिनं निवडलेले लोक रस्त्यानं जाताना दिसले की मला अभिमान वाटायचा, जसे काही मीच निवडले.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड होतो.

दहा-बारा वर्षांमागं इंजिनमिस्त्री सुधाकरचं नाव आलं. त्याच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. बोलायला नरम, कामाला पक्का. शांता त्याच्या घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "नाही चालत." मी म्हटलं, सुधाकर नाही चालत तर मग कोण चालते या रोडवर?  शफीभाई त्या दिवशी नातीच्या लग्नात होते, सोबत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, भाभी काय म्हणाली. मी म्हटलं, हो. आणि रकान्यात लिहून टाकलं.

सुधाकरच्या बायकोला फिट यायची. घरानं लपवून ठेवलं होतं. नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि तोच तिच्याजवळ राहायचा, म्हणून निभत होतं. दीड वर्षानं आम्ही निवेदन घेऊन यवतमाळला गेलो होतो. सुधाकर माझ्या बाजूच्या सीटवर बसला होता. तिकडे त्याची बायको शेगडीवर पडली. जीव वाचला. उजवा हात आणि गालाची एक बाजू गेली. सुधाकरनं संचालकपद सोडलं. मला त्यानं कधी बोल लावला नाही, कारण शांता नाही म्हणाली होती हे त्याला माहीतच नव्हतं. माहीत फक्त शांताला आणि मला. ती दवाखान्यात आली, त्या बाईजवळ बसली, आणि माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर भाकर वाढली. त्या दिवसापासून आमच्या घरात सुधाकरचं नाव निघालं नाही.

हे छापायला द्यायच्या आधी मी सुधाकरच्या घरी जाऊन सांगून आलो.  त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं, डाव्या हातानं.

म्हणून या एप्रिलात गजाननच्या नावाची मला एवढी धास्ती होती. रस्ता रुंद होऊन राहिला आहे. आमच्या टपऱ्यांवर लाल रंगानं फुल्या मारून गेले. साठ गॅरेजं उचलायची, आणि न्यायची कुठं ते कोणी सांगत नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जा म्हणतात. लोहारा यवतमाळच्या वेशीत, आणि तुटलेल्या कमानीची गाडी वणीहून तिथवर काय ढकलत नेणार? आम्हाला गावाजवळ जागा पाहिजे. त्यासाठी साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा माणूस पाहिजे. आमच्यात तसा एकच, गजानन रेडिएटरवाला. बारावी झालेला, कॉम्प्युटरवर अर्ज लिहिणारा, नकाशा समजणारा. सहा नावं ठरली होती. सातवं त्याचं घालायचं आणि त्यालाच अध्यक्ष करायचं, असं सगळा रोड म्हणत होता. राहिला होता फक्त घरचा होकार.

तर त्या रविवारी आम्ही घरी पोचलो. दारात शांताचा भाऊ, राजूरचा साळा बसलेला, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मग चहा, मग जेवण. तो गेल्यावर शांता खाटेवर पडली. मी विचारलं, "गजाननचं?"

"आता नोको. सकाळी सांगतो. आंग दुखून राह्यलं."

सकाळी सातलाच फोन. भरलेल्या गाडीचा मुख्य पट्टा तुटून गाडी रस्त्यात आडवी झाली होती, पोलीस उभे होते. मी चपला घालत होतो. शांता दारात येऊन म्हणाली, "अवो, आयका ना. ते गजाननच्या घरी काय झालं का..."

मी म्हटलं, "दुपारी सांग."

"बरं," ती म्हणाली.

दुपारी बारा वाजता शेजारचा माणूस मला न्यायला आला तेव्हा मी ट्रकखाली होतो. ती मोरीजवळ पडली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मयतीला सगळा रोड आला. गजाननही आला, त्याची बायको वनिताही आली. वनितानं शांताचे पाय धरले ते सोडेचना. सख्ख्या पोरीसारखी रडली. माझ्या बहिणीनं हळूच विचारलं, "हे कोन?" मी सांगितलं. आणि लाज वाटते लिहायला, बायको समोर पडली होती आणि माझ्या मनात आलं, ही एवढी कायले रडते? हिनं शांताला काय सांगितलं असेल?

ते एकदा मनात शिरलं ते निघेना. पाऊण तास. घामानं भिजलेला चेहरा. घरी चाला, सांगतो. अठरा वर्षांत तिनं गाडीवरच सांगितलं होतं, घरी चाला असं कधी म्हणाली नव्हती. म्हणजे गोष्ट मोठी असेल. गजानन पीत असेल? मारत असेल? मी त्याच्या दुकानासमोर पानठेल्यावर उभा राहून त्याला पाहायला लागलो. फुटक्या रेडिएटरला डाग देऊन भोक बुजवताना त्याचा हात कापतो का. गिऱ्हाइकावर ओरडतो का. एक दिवस तो पाया पडायला वाकला तर मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याला वाटलं मला चक्कर आली. "काकाजी, तब्येत बरी आहे ना?" त्यानं मला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. चांगला माणूस. पण सुधाकरही चांगलाच होता.

उलटंही मनात यायचं. शांतानं होच म्हटलं असेल, आणि मी शंका घेऊन साठ घरांचा माणूस घालवतो आहे. अठरा वर्षं मी तिचा फक्त एक-एक शब्द घेतला. ती काय पाहते, काय ऐकते, हे कधी शिकून घेतलं नाही. लोखंडाचा रंग पाहून मी सांगतो किती तापलं. घराचं काही सांगता येत नाही मला. पुण्याहून आलेला पोरगा अरुण म्हणाला, "बाबा, आई गेली अन् तुमी कायची यादी घेऊन बसले? चाला माह्यासंग." मी म्हटलं, यादी लागू दे. तो चिडून गेला. त्याचंही बरोबर.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शफीभाई आले. सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, म्हणून त्या रविवारीही सोबत आले नव्हते; दर पायरीला अल्ला म्हणत चढले. चहा मीच केला. पातळ झाला होता, तरी त्यांनी घेतला.

"मिस्त्री, उद्या दस बजे लिस्ट लावाची आहे. भाभीनं गजाननचं काय सांगतलं होतं?"

"सांगतलं नाही. सांगाच्या आधी गेली."

त्यांनी कप फिरवला. "मंग हो लिहून टाक ना यार. सगळ्याईले तोच पायजे. जागेचा मामला आहे. भाभीबी हो च म्हनली असती."

"असं एकदा लिहिलं मी," मी म्हटलं.

"कवा?"

मग मी सुधाकरचं सांगितलं. सगळं. ते ऐकत होते, कप तसाच हातात. माझं संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या बाईचा हात जळाला तवा मी तुह्या बाजूले बसलो होतो. दवाखान्यात. बेंचवर."

"हो."

"सुधाकर रडत होता आन् तू त्याच्या पाठीवर हात फिरवत होता."

"हो."

"तवाबी नाही बोलला?"

"नाही."

"आन् भाभी चूप राह्यली. तुह्यासाठी. नाहीतर या रोडवर तुले तोंड दाखवाले जागा नव्हती." ते भिंतीला धरून उठले. "मले कायचं विचारून राह्यला आता? त्या रकान्यावर माही बी सही आहे. झूठावर सही घेतली तू माही."

मी म्हटलं, "शफीभाई, उद्या काय लिहू?"

"मले काय मालूम? जा तिच्याकडं. एकटा जा. बाहीर बसून चाय पिऊ नोको, आत जा." पायऱ्या उतरताना त्यांनी अल्ला म्हटलं नाही, एवढे ते रागात होते.

सकाळी आठ वाजता मी गजाननच्या घरी गेलो. तो दुकानात निघाला होता, हातात गाडीची चाबी.

"गजानन, तू फाटकाच्या बाहीर उभा राय. मले वनितासंग बोलाचं आहे."

"मी? बाहीर?" तो हसला. मग माझ्याकडं पाहून हसू गिळलं आणि गेला.

दार उघडंच ठेवून मी आत गेलो. दुसऱ्याच्या सैपाकखोलीत मी जन्मात पहिल्यांदा गेलो. बसावं कुठं ते समजेना. वनितानं पाट दिला. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पोरगी तिशीतली, पण त्या दिवशी थकलेली दिसत होती.

मी म्हटलं, "पोरी, शांतासारखं गोल फिरून मले बोलता येत नाही. सरळ इचारतो. त्या दिवशी तू तिले काय सांगतलं?"

"मी काही नाही सांगतलं, काकाजी."

"पाऊण घंटा बसली ती इथं."

तिनं ओढणीचं टोक हातात गुंडाळलं. डोळे भरून आले. "काकू आल्या अन् तथीच बसल्या, भिंतीले टेकून. म्हने छातीत कळ निघून राह्यली. हातात मुंग्या. मी म्हटलं, काकाजीले आवाज देतो. त्याईनं माहा हात धरला. नोको म्हने, बाहीर त्याईचं काम चालू आहे. यादी लागू दे, मंग सांगतो. मी पानी देल्लं, पाठ चोळली. बसल्या, मंग पडल्या थोडा वेळ. मी दोन डाव उठली तुमाले सांगाले. त्याईनं मले शपथ घातली." ती खाली बसली. "मी आयकाले नाही पायजे होतं, काकाजी. मी सांगतलं असतं तर..."

"तुही चूक नाही," मी म्हटलं. "मी बाहीर होतो. दहा फुटावर."

 बाहेर गजानन फाटकाची कडी वाजवत होता, उगीच. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांचा होकार मागत फिरलो. निवड समितीच्या माणसाच्या घरी जाऊन कोणी विचारावं, असं आमच्या नियमात नाही. कोणाला सुचलं नाही. मला तर नाहीच नाही.

मग मी म्हटलं, "आन् तुहं काय? यादीचं?"

तिनं दाराकडं पाहिलं. आवाज अगदी खाली आणला. "त्या दिवशी सकाळपर्यंत हो होता. काकू आल्या का हो सांगाचं, असं ठरवूनच ठेवलं होतं मी. मंग त्याईले तसं पाह्यलं. त्या इथं पदर तोंडात धरून कळ सोसत होत्या, अन् बाहीरून तुमचा हसाचा आवाज येत होता. मले भेव वाटलं, काकाजी. उद्या मी बी अशीच बसन, अन् हे बाहीर असतीन. नाही जमत मले."

"गजाननले सांगतलं?"

"नाही. त्याईले लय हौस आहे. अन् मी आडवी आली असं रोडले समजलं तर मले जगू देतीन का कोनी?"

"बरं," मी म्हटलं आणि उठलो.

फाटकाशी गजानननं विचारलं, "काय झालं, काकाजी?"

"दहाले समजन."

खोटं कशाला लिहू, त्याच्या घरापासून ऑफिसपर्यंत मी मनातल्या मनात तीनदा हो लिहिलं. रस्त्यानं दोन्हीकडं त्या लाल फुल्या दिसत होत्या. एकेका टपरीतून माणसं हात वर करून जयभीम, सलाम, रामराम करत होती. पावसाळ्याच्या आधी ही सगळी उठणार आणि यांच्यासाठी बोलणारा माणूस मी घालवणार. एका बाईच्या भीतीपुढं साठ घरं. माझ्यासारख्या माणसाला असा हिशेब चटकन सुचतो. सुधाकरच्या वेळीही मी तोच केला होता.

ऑफिससमोर वीस-पंचवीस लोक जमले होते. शफीभाई आत टेबलाशी, समोर यादीचा कागद, बाजूला खळीचा डबा. त्यांनी मला बस म्हटलं नाही. पेन पुढं सरकवला. सहा नावांचे रकाने भरलेले होते. सातव्या ओळीत गजाननचं नाव आधीच लिहिलेलं, फक्त रकाना मोकळा.

मी त्या नावावर आडवी रेघ मारली. अक्षर वाकडं येतं माझं, तरी वर लिहिलं, जागा रिकामी.

दारातल्या एका टायरवाल्यानं मान घालून पाहिलं आणि ओरडला, "अबे, गजाननचं नाव काटलं!" सगळे आत घुसले. काहून? कोणं काटलं? काकाजी, जागेचं मंग कोण बोलन, तुमी बोलता का? एक जण म्हणाला, म्हातारा बायको गेल्यापासून फिरला. गजानन मागं उभा होता. नुसता माझ्याकडं पाहत होता.

"घरचा होकार नाही आला," मी म्हटलं.

"कसा नाही आला? तुमी आत्ता त्याच्या घरून येऊन राह्यले! काय म्हनली त्याची बायको?"

"तिले नाही इचारलं मी. मयतीचे भांडे वापस कराले गेलतो. नाही शांतानं म्हटलं होतं. रविवारीच सांगतलं तिनं."

सगळे मागं सरकले. शांताच्या शब्दावर त्या रस्त्यावर कोणी कधी हुज्जत घातली नव्हती. शफीभाईनं मान वर केली. शांता काही न सांगता गेली, हे मी आदल्या संध्याकाळी त्यांनाच सांगितलं होतं. ते चष्म्यातून माझ्याकडं पाहत राहिले. मला वाटलं, आता बोलतात. पेन माझ्या हातातून त्यांनी काढून घेतला, खाली सही केली, आणि मला म्हणाले, "खळी लाव. पुरी लाव, कोपरे उखडते."

मी यादी उलटी करून खळी लावली आणि दाराला चिकटवली.